उरलेले सात दिवस

अप्पा, तुझी वही माझ्याकडे आली आहे. तुझ्या अक्काने धारहून पाठवली, तुझ्याच जुन्या धोतरात गुंडाळून. बरोबर निरोप होता, बापूला म्हणावं तूच ठेव, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. मला कळतं. कळतं म्हणूनच चीड येते. भांडणारी माणसं समोरासमोर कशी बसवावीत, आधी कुणी बोलावं, पंचाने कधी गप्प राहावं, असं पानंच्या पानं लिहिलंस आणि शेवटच्या पानावर नुसता मथळा घालून ठेवलास, 'प्रत्यक्ष केल्यावर काय कळले'. खाली सगळं कोरं. दोन महिने होत आले, मी रोज ते पान उघडतो आणि मिटतो. तिथे काय लिहायला हवं ते मला ठाऊक आहे. पण वहीत नाही लिहिणार, तुलाच सांगतो.

आपण मावसभाऊ, एका घरात वाढलो, एका पाटीवर धुळाक्षरं गिरवली, आणि नोकरीला लागलो ते रस्त्याच्या दोन बाजूंना. तू धाकट्या पातीच्या शाळेत संस्कृतचा मास्तर, मी थोरल्या पातीच्या मोजणीत अमीन. बाहेरगावचा पाहुणा आला की तू मोठ्या हौसेने समजावायचास, की आमच्या देवासात एका गावाला दोन महाराज आहेत, थोरली पाती आणि धाकटी पाती, रस्त्याच्या या अंगाला एकाचं राज्य, त्या अंगाला दुसऱ्याचं, आणि हा आमचा बापू परराज्यातून रोज माझ्याकडे चहाला येतो. पाहुणा हसायचा. मग तू गंभीर होऊन म्हणायचास की बघा, दोन राज्यं असून एक ओटा आहे. मला ते तुझं बोलणं तेव्हा शाळामास्तरी वाटायचं. आता त्या ओट्यावर मी एकटाच बसतो, आणि चहा माझ्या घरून आणतो.

त्या ओट्यावर आपण किती भांडलो रे! तू वाचून दाखवायचास आणि मी मोडता घालायचो. तू म्हणालास, की तंट्यातल्या माणसाला आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं असं वाटेपर्यंत तो निवाडा ऐकत नाही. मी म्हणालो, की तो निवाडा ऐकतो ते मागे फौजदार उभा असला म्हणून. तू म्हणालास, की प्रत्येकाने दुसऱ्याची तक्रार आपल्या तोंडाने बोलून दाखवावी, म्हणजे अर्धा तंटा तिथेच निवतो. मी म्हणालो, अरे भिया, तू कधी शेताच्या बांधावर उभा राहिलायस का? वीस वर्षं मी साखळी ओढतोय, मला विचार. एकदा दोन पाटील एका जाजमावर बसवून दाखव, मग वही लिही. हे मी हसत हसत म्हणालो होतो. तू मनावर घेतलंस.

आणि लगेच तशी वेळही आली, हे आपलं दुर्दैव. पिपल्या थोरल्या पातीत आणि बरखेडा धाकट्या पातीत, आणि दोन्हींच्या मधे ते गवताचं बीड. उन्हाळाभर गुरांना पुरेल एवढं राखीव गवत, मधे एक पाण्याचा डोह, कडेला खाखऱ्याची, म्हणजे पळसाची, झाडं. शीव कुठून जाते ते कागदात एक, पिपल्याच्या मनात दुसरं, बरखेड्याच्या मनात तिसरं. दर साल कापणीला लाठ्या निघायच्या. दोन्ही दरबारांनी शेवटी ठरवलं की एकेकाने आपला एक पंच द्यावा आणि त्या दोघांनी मिळून शीव घालून द्यावी. थोरल्या पातीने मला दिलं. धाकट्या पातीत तू स्वतः अर्ज केलास. मला सांगितलंसुद्धा नाहीस.

पहिली बैठक आठवते ना? बिडाच्या कडेला, चिंचेखाली. तू खरंच एक जाजम नेलं होतंस, तुझ्या घरातलं. पिपल्याचा गंगाराम पटेल आणि बरखेड्याचा भेरू पटेल दोघेही त्यावर बसले, कारण तू हात धरून बसवलंस. मी मनात म्हटलं, चला, मास्तर जिंकला. मग तू गंगारामला सांगितलंस की भेरूची काय तक्रार आहे ती तू सांग. गंगारामने मिशीला पीळ दिला, थोडा विचार केला, आणि म्हणाला की याची तक्रार अशी आहे की हा चोर आहे आणि आम्ही याला चोरी करू देत नाही. सगळं बीड हसलं. भेरू उठला, त्याची माणसं उठली, जाजमावर चिखलाचे पाय उमटले. आणि अप्पा, मीही हसलो. तुझ्याकडे बघत हसलो. ते तुला लागलं हे मला टांग्यात कळलं. देवासापर्यंत तू नुसतं मांडीवरचं जाजम झटकत राहिलास.

तुला बरं वाटावं म्हणून मी ते सुचवलं, हे खरं मान. टांग्यातच म्हणालो, तुझं चूक नाही रे, पण यांना पटेल ते केलं पाहिजे. पूर्वी काय करायचे? शिवेची माती डोक्यावर घेऊन एक माणूस चालायचा. तो चालला ती शीव. पुढचे चाळीस दिवस त्याच्या अंगाला, घराला, गुरावासराला काही झालं नाही तर शीव खरी. झालं तर खोटी. दोन्ही गावं ते अजून मानतात. माणूस मिळत नाही एवढंच, कारण एकमेकांच्या माणसावर भरवसा नाही. मागे एकाने आपल्या शेताची माती जोड्यात भरली आणि "मी माझ्याच मातीवर उभा आहे" अशी शपथ घेत दुसऱ्याच्या शेतातून चालत गेला. तू हे ऐकून पहिल्यांदा हसलास. मग विचारलंस, "बापू, तुझा आहे का यावर विश्वास?"

मी म्हणालो, "छे रे."

हे लक्षात ठेव. मी यावर परत येणार आहे.

तू आठ दिवस माझ्याकडे फिरकला नाहीस. मला वाटलं रुसलास. तू तर बिडात जाऊन बसत होतास, पटेलांकडे नाही, गवत कापणाऱ्या बायकांकडे. त्यांच्याकडून तुला जे कळलं ते वीस वर्षं साखळी ओढून मला कळलं नव्हतं. बरखेड्याला गवताची फारशी ओढ नाहीच, त्यांना डोह हवा, कारण त्यांच्या गावातलं पाणी माघात आटतं. आणि पिपल्याला डोह नकोच, त्यांना हवं ते खाखऱ्यालगतचं उंच गवत, छपरं शाकारायला. दोघांना वेगवेगळी वस्तू हवी होती आणि दोघे सगळ्या बिडासाठी डोकी फोडत होते. तू नकाशावर बोटाने रेघ काढून दाखवलीस, डोह इकडे, खाखरे तिकडे. मी तोंडात बोट घातलं. म्हटलं, एवढं सोपं आहे तर जाऊन सांगू त्यांना. तू म्हणालास की सांगून काही होणार नाही, पहिल्या दिवशी बघितलं ना. मग म्हणालास की माती मी घेतो.

मी तुला तेव्हा अडवायला हवं होतं. विश्वास वगैरे सोड, आश्विनात बिडातून अनवाणी चालायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पाऊस सरल्यावरचे ते दिवस म्हणजे मालव्यात हिवतापाचे दिवस, घरटी एकाने तरी खाट धरलेली असते. मार्गशीर्षात चाललास तर चाळीस दिवस हसत काढशील, हे मोजणीतल्या शिपायानेही सांगितलं असतं. पण कापणी थांबणार नव्हती, लाठ्या थांबणार नव्हत्या, आणि खरं सांगू का, मला तू चालताना बघायचं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावं जमली. गंगारामने आपल्या शिवारातली मूठभर माती आणली, भेरूने आपल्या, आणि दोन्ही एका कोऱ्या फडक्यात एकत्र करून तुझ्या डोक्यावर ठेवल्या. तुझी पगडी माझ्या हातात. तुझे जोडे दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी उलटेपालटे करून बघितले आणि बाजूला ठेवले. तू चालू लागलास. मागे मी साखळी घेऊन, खुंट्या ठोकत. डोहाला वळसा घालून डोह बरखेड्याला सोडलास, खाखऱ्यांना वळसा घालून खाखरे पिपल्याला सोडलेस. पुढे लोक सांगायला लागले की त्यांचे माट साब, म्हणजे तू मास्तर, डोळे मिटून चालले आणि मातीनेच वाट दाखवली. तुझे डोळे चांगले उघडे होते, मी बघत होतो. गुडघाभर गवत, खाली चिखल, काटे. एकदा तू ठेचकाळलास तेव्हा दोन्हीकडची माणसं एकदम "सांभाळून" म्हणाली. पलीकडे पोचलास आणि माती शिवेवर पसरलीस. भेरूचा धाकटा भाऊ रतन पुढे आला, "माट साब, पग दो" म्हणाला, तुला दगडावर बसवून तुझे तळवे मांडीवर घेतले आणि बाभळीच्या काट्याने एकेक काटा काढत बसला. गंगाराम शेजारी उभा राहून त्याला कुठे काटा राहिलाय ते दाखवत होता. अप्पा, ते मी बघितलं आहे. कुणी मला म्हणालं की तसं काही झालंच नाही, तर मी त्याचं ऐकणार नाही.

कापणी झाली. रतन स्वतः भुट्ट्यांची पिशवी घेऊन देवासाला आला आणि तुझ्या ओट्यावर बसून सांगितलं, की यंदा कुणी लाठी आणलीच नाही, दोन्हीकडच्या बायकांनी एकाच डोहावर भाकऱ्या सोडल्या, पिपल्याच्या पोरांनी आमच्या गंज्या रचायला हात लावला. तू ऐकताना उपरणं घट्ट गुंडाळून घेत होतास. मला वाटलं तुला भरून आलं. तुला हुडहुडी भरली होती. रतन गेल्यावर तू उठलास तो थेट खाटेवर.

तो पंधरावा दिवस. मी कुनैन आणलं, वैद्याचा काढा आणला, दिवाळीपर्यंत तू एक दिवस बरा आणि एक दिवस आगीत. दाराबाहेर कुणाला कळू दिलं नाही. मग तू मला खाटेशी बोलावून म्हणालास, "बापू, मला अक्काकडे ने. भाऊबीज आहे, भाऊ बहिणीकडे जातो, कुणी काही विचारणार नाही. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत मी धारला."

मी म्हणालो, की तुझ्याच वहीत लिहिलं आहेस ना, लबाडीवर उभा केलेला सलोखा पहिल्या वाऱ्याला पडतो?

"ते मी धडधाकट असताना लिहिलं होतं," तू म्हणालास.

तू हसलास आणि मीही हसलो. आपल्या सगळ्या भांडणांत मी तुझ्यावर मात केली ती एवढी एकदाच, आणि असं जिंकायचं मला मुळीच नव्हतं.

टांग्यातून इंदूर, तिथून पुढे धार. रस्ताभर तुझं डोकं माझ्या मांडीवर. अक्काने दारात तुला बघितलं आणि तिच्या हातातलं ताट खाली ठेवलं, पण ओरडली नाही, आपल्या अक्काचं तुला माहीत आहे. भाऊबिजेला तू हट्टाने उठून बसलास. तिने तुला ओवाळलं, तू तिला काय घालायचं म्हणून उशाखाली चाचपडत राहिलास, आणि शेवटी शाळेचं पेन ओवाळणीत घातलंस. भावजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, दोन डॉक्टर आणले. ताप उतरायचा आणि परत चढायचा. शुद्धीत असलास की तू एकच विचारायचास, आज कितवा. चोविसावा. सत्ताविसावा. तिसावा. तुला माझ्याशी बोलायचं नव्हतं, मरणाशी बोलायचं नव्हतं, तुला नुसते दिवस हवे होते. मी चिडलो एकदा. म्हटलं, अरे तुझ्या जिवाचं बोल, त्या गवताचं काय घेऊन बसलास. तू डोळे मिटलेस. ते मी बोललो याची मला अजून लाज वाटते.

बत्तिसाव्या दिवशी तू मला जवळ बोलावून हळूच सांगितलंस, की झालं तर अग्नी भावजींना देऊ दे. बापू, तू देऊ नकोस, तू मिशी काढू नकोस. तुला देवासाला परत जायचंय, पिपल्यात जायचंय. मिशीवाचून तुला कुणी बघितलं की सगळं संपलं.

मी हो म्हणालो.

बघ, आयुष्यभर मी तुला म्हणत आलो की तुला व्यवहार कळत नाही, आणि मरताना मिशीचा विचार तू केलास. मी, व्यवहारातला माणूस, मी काय केलं? दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. तुला मूल ना बाळ, वहिनी आधीच गेलेल्या. भावजी पुढे झाले, न्हावी आला. आणि मला ते बघवेना. एका ताटात जेवलो, एका अंथरुणात निजलो, आणि तुला अग्नी द्यायला बहिणीचा नवरा? मी भावजींचा हात धरला, बाजूला केलं, आणि न्हाव्यापुढे बसलो. त्या क्षणी पिपल्या, बरखेडा, बीड, काही काही आठवलं नाही. वस्तरा ओठावर आला तेव्हा आठवलं. तरीही मी उठलो नाही. तू सांगितलेलं सगळं मी ऐकलं, आणि एवढंच ऐकलं नाही.

पुढचे विधी भावजींवर टाकून मी निघालो, कारण कचेरीतून निरोप आला होता की गावकरी माट साबांचं विचारत आहेत. वाटेत उत्तर तयार केलं. मामा वारले, म्हणून मिशी काढली. मास्तर बहिणीकडे मजेत आहेत, चार दिवसांत येतील. वीस वर्षांत मी बांधांवर याहून मोठ्या थापा पचवल्या आहेत. एकोणचाळिसाव्या दिवशी मी पिपल्यात गेलो. एकच दिवस, अप्पा! एक दिवस ढकलला असता की झालं होतं. डोक्यावर पगडी घट्ट बांधली होती, चेहऱ्यावर हसू होतं. गंगाराम पटेल चावडीवर होता. त्याने मला बघितलं, खाटेवरून उठला, जवळ आला, आणि वरच्या ओठाकडे बोट केलं.

"अमीन साब, मूंछ?"

मी म्हणालो मामा. नाही, म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "माट साब?"

त्याने ते इतकं हळू विचारलं, आपल्या घरच्या माणसाविषयी विचारावं तसं, की मला रडू कोसळलं. आणि मी रडलो, चावडीवर, दहा माणसांसमोर, पगडी डोळ्यांना लावून. गंगारामने माझ्या पाठीवर हात ठेवला. तोही रडला हे तुला सांगितलं पाहिजे. त्याला तुझ्या जाण्याचं वाईट वाटलं. मग डोळे पुसून त्याने विचारलं की कितव्या दिवशी. मी सांगितलं तेहतिसाव्या. तो म्हणाला, म्हणजे शीव खोटी. त्यात राग नव्हता, आनंद नव्हता. नुसतं कळलं म्हणून म्हणाला.

मी हातापाया पडलो. म्हटलं, अरे हिवताप होता, तुमच्या गावातही चार माणसं गेली यंदा, त्यांनी कुणी माती घेतली होती का? डोह बघा, खाखरे बघा, ही शीव मास्तराने विचार करून घातली होती, बायकांना विचारून घातली होती. सगळे ऐकत होते. कुणी मला खोटं पाडलं नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, की मग मातीच कशाला घेतली? आधीच असं सांगायचं होतं. याला उत्तर तुझ्याजवळ असतं का?

पुढचं लवकर झालं. शीव खोटी म्हटल्यावर गंज्या कुणाच्या, हा प्रश्न आला. बरखेड्याची माणसं खाखऱ्यालगतचं गवत भरायला गाड्या घेऊन गेली, पिपल्याची आडवी झाली. रतनच्या डोक्यात लाठी बसली. चार दिवस जगला. दोन्हीकडचे फौजदार आले, आणि तो पडला ती जागा कुणाच्या हद्दीत हे ठरेना. मला साखळी घेऊन बोलावलं. मी मोजलं, अप्पा. आपल्याच खुंटीपासून तो पडला तिथपर्यंत मोजलं, आणि कागदावर लिहून दिलं की हद्द वादग्रस्त. रतनची आई तिथेच बसली होती. तिने मला ओळखलं.

तुझ्या अस्थी पौषात धरमपुरीला नेल्या, मी आणि भावजींनी. नर्मदेचं पाणी गार होतं, नावाड्याने मधोमध नाव थांबवली. मला वाटलं होतं तिथे थोडं हलकं वाटेल. नाही वाटलं. मी पाण्यात तुला सोडताना मनात भांडतच होतो, की तू खरं बोलायला हवं होतंस, की मी खोटं बोलायला हवं होतं, की तुझं बरोबर होतं, की माझं. दोन्हींतलं एक तरी धड केलं असतं तर रतन आज असता. आपण अर्धं तुझं केलं आणि अर्धं माझं.

आता गेल्या आठवड्यातलं. सकाळी गंगाराम आला, तुझ्या ओट्यावर माझ्यासमोर बसला. दुपारी भेरू आला. दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं, आणि दोघे एकच मागायला आले. भेरूची रतन गेला तेव्हापासूनची दाढी तशीच. त्याने मळकं गाठोडं सोडून ओट्यावर ठेवलं. आत मातीचं ढेकूळ.

"अब तम चालो, अमीन साब," तो म्हणाला. "माट साब की जगा. तम पे दोनी गाम को भरोसो हे."

दोन्ही गावांचा भरवसा. तू त्यासाठी आयुष्य घातलंस, वही भरलीस. मला तो घरबसल्या मिळाला, एवढ्यासाठी की मी चावडीवर खोटं बोलू शकलो नाही. तीच शीव, अप्पा, तोच डोह, तेच खाखरे. हिवतापाचे दिवस सरले आहेत. मला काही झालं नसतं. चाळीस दिवस ओट्यावर बसून काढायचे, बस्स. भेरूचा दुसरा भाऊ अजून विशीत आहे, पिपल्याची पोरंही तेवढीच, आणि येत्या कापणीला कोण पडेल ते आजच सांगता येतं. भेरूला तेच सांगायचं होतं, म्हणून तो भावाच्या मारेकऱ्यांशी समेट मागायला आला होता.

मी नाही म्हणालो. सकाळी गंगारामलाही नाही म्हणालो होतो. वय झालं, म्हटलं, पाय दुखतात.

आता ते टांग्यातलं. तू विचारलंस विश्वास आहे का, आणि मी छे म्हणालो. तू परत विचारलं नाहीस, कारण मी तुझ्यापुढे कधी खोटं बोललो नव्हतो. माझ्या घरात दाराच्या मागे गेरूच्या रेघा आहेत. तू चाललास त्या संध्याकाळी पहिली ओढली. धारला होतो तेव्हाच्या परत येऊन ओढल्या. तुझ्या पायाला काटा लागला, मी घाबरलो. तुझी गाय एक दिवस खाईना, मी घाबरलो. तुला थंडी वाजली तेव्हा मला वैद्याआधी ती माती आठवली. मी लहानपणापासून मानतो हे, अप्पा, पिपल्याच्या त्या म्हाताऱ्याइतकंच मानतो, आणि मानतो म्हणूनच ते तुला सुचवलं, आणि तू हसशील म्हणून छे म्हणालो. खरं बोललो असतो तर तू माझ्याकडे बघून थांबला असतास. तू माणसाच्या भीतीला हसत नव्हतास, ते तुझ्या वहीत पानोपानी आहे.

तुझा विश्वास नव्हता, तरी तू चाललास. माझा आहे, म्हणून माझा पाय उचलत नाही. एवढंच काय ते कळलं प्रत्यक्ष केल्यावर.

भेरूने जाताना ते ढेकूळ नेलं नाही. ते तुझ्या ओट्यावर आहे. वाळून कडेने सुटायला लागलं आहे. येणारेजाणारे त्याला वळसा घालून बसतात. मी ते उचलत नाही, आणि झाडून टाकायचं धाडसही होत नाही.